'अठरा पूर्ण झाल्यावर या' म्हणजे नेमकं कुठे यायचं?

पोस्ट मोठी आहे. दोन भाग करायचा विचार होता, पण दुसरा भाग कुणी वाचत नाही हे अनुभवाने माहीत आहे. म्हणून एकदाच लिहितो.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा त्याचा ओठ, हिरडी आणि टाळू तिन्ही दुभंगलेलं होतं, डाव्या बाजूला आरपार. पाचव्या महिन्यात ओठ शिवला, चौदाव्या महिन्यात टाळू. दोन्ही ऑपरेशनं एका संस्थेच्या मदतीने फुकट झाली. ताईला तेव्हा गावात काय काय ऐकावं लागलं ते सगळं लिहीत नाही. 'ग्रहणात विळी हातात घेतली असशील' एवढं एक वाक्य पुरे.

ज्यांना अजूनही शंका आहे त्यांच्यासाठी सांगतो, ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे भाग पुढे येऊन एकमेकांना जुळायचे असतात. काहींचे जुळत नाहीत. आनुवंशिकता, आईचं पोषण, काही औषधं, तंबाखू-धूम्रपान अशी बरीच कारणं त्यात मिसळलेली असतात, आणि बहुतेक वेळा एका कारणावर बोट ठेवता येत नाही. जगात साधारण सातशे जन्मांमागे एक बाळ असं जन्माला येतं. म्हणजे हे काही दुर्मिळ प्रकरण नाही. तुमच्या तालुक्यात अशी मुलं आहेत, तुम्ही फक्त त्यांच्याकडे नीट पाहिलेलं नाही.

असो. आजचा विषय ओठाचा नाही, जबड्याचा आहे.

भाचा दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर लक्षात यायला लागलं की त्याचा वरचा जबडा मागे राहतोय. खालचा जबडा इतर मुलांसारखा वाढत होता, वरचा वाढत नव्हता. चौदाव्या वर्षापर्यंत बाजूने पाहिलं की चेहऱ्याचा मधला भाग आत बसल्यासारखा दिसायला लागला. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. उलटा चावा म्हणतात त्याला. उसाच्या पट्ट्यातला पोरगा, दाजी साखर कारखान्यात सीझनला कामाला, आणि याला ऊस दाताने सोलता येत नाही. पेरू कापून द्यावा लागतो. भाकरीचा तुकडा मोडून थेट दाढेकडे सरकवतो. वर्गात 'गेंगाण्या' हे नाव तर पहिलीपासून होतंच, त्यात आता 'म्हातारबा' हे दुसरं आलं. दात नसलेल्या म्हाताऱ्यासारखा ओठ आत गेलेला दिसतो म्हणून.

डॉक्टरांना विचारलं तर उत्तर मिळालं, "याच्यावर इलाज आहे. वरचा जबडा ऑपरेशनने पुढे आणता येतो. पण वाढ पूर्ण झाल्याशिवाय करत नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर या."

हे उत्तर वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे, आधीच सांगतो. जबडा आज पुढे आणला आणि खालचा पुढची चार वर्षं वाढत राहिला, तर सगळं पुन्हा होतं तिथेच. म्हणून मुलींच्या बाबतीत साधारण सोळा-सतरा आणि मुलांच्या बाबतीत अठराच्या आसपास, कधी त्याहून उशिरा हे ऑपरेशन करतात.

आम्ही थांबलो. चार वर्षं थांबलो. अठरा पूर्ण झाली आणि फाईल घेऊन गेलो, तेव्हा खिडकीतून उत्तर आलं, "ही योजना बालकांसाठी आहे. अठरा पूर्ण झालीत ना?"

या दोन वाक्यांच्या मध्ये माझा भाचा अडकलेला आहे. डॉक्टर म्हणतात अठरानंतर या. योजना म्हणते अठराआधी यायचं होतं. आणि हा एकटाच नाही, म्हणून ही पोस्ट.

हे ऑपरेशन म्हणजे काय

वरचा जबडा पुढे आणण्याच्या शस्त्रक्रियेला 'ल फोर्ट वन' म्हणतात. रेने ल फोर्ट नावाच्या फ्रेंच सर्जनने १९०१ मध्ये मृतदेहांच्या कवट्यांवर प्रयोग करून चेहऱ्याचं हाड मार बसल्यावर कोणकोणत्या रेषांवर फुटतं ते मांडलं. त्यातली सर्वांत खालची रेषा नाकाच्या खालून, दातांच्या मुळांच्या वरून आडवी जाते. सर्जन नेमका त्याच रेषेवर हाड कापतात, दातांसकट जबडा सुटा करतात, ठरलेल्या मापाने पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या व स्क्रू लावून बसवतात. काप तोंडाच्या आतून असतो, चेहऱ्यावर बाहेरून व्रण नाही.

ऐकायला भयंकर वाटतं. पण जगभर ही नियमित होणारी शस्त्रक्रिया आहे, आणि आपल्याकडेही ती करणारे चांगले सर्जन आहेत.

जबडा फारच मागे असेल, साधारण एक सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे आणायचा असेल, तर दुसरी पद्धत वापरतात. हाड कापून लगेच ओढायचं नाही. एक यंत्र बसवून रोज साधारण एक मिलिमीटर असं हळूहळू पुढे सरकवायचं. मधल्या फटीत शरीर स्वतःच नवं हाड तयार करतं. ही कल्पना पायाच्या हाडांवर सिद्ध केली गाव्हरील इलिझारोव्ह या सोव्हिएत डॉक्टरने, सायबेरियातल्या कुर्गान गावात. पुढे ती चेहऱ्याच्या हाडांवर आली. दुभंग असलेल्यांना तिचा उपयोग जास्त, कारण त्यांच्या टाळूवर जुन्या ऑपरेशनचे घट्ट व्रण असतात आणि ते जबड्याला मागे खेचत राहतात.

आता हा व्रणाचा मुद्दा नीट वाचा, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

वरचा जबडा मागे का राहतो? थोडंफार मूळ दोषामुळे. पण मोठं कारण म्हणजे लहानपणी टाळू शिवताना झालेले व्रण. व्रणाची कातडी ताणत नाही, हाडाच्या वाढीला अडवते. श्रीलंकेत मायकेल मार्स या ब्रिटिश ऑर्थोडॉन्टिस्टच्या पुढाकाराने १९८०च्या दशकात एक प्रकल्प सुरू झाला. तिथे त्यांना अशी प्रौढ माणसं भेटली ज्यांचा टाळू कधीच शिवलेला नव्हता. त्यांच्या वरच्या जबड्याची वाढ जवळपास सर्वसाधारण माणसांसारखी झालेली होती.

याचा अर्थ टाळू शिवू नये असा नाही! कृपा करून कुणी तसा अर्थ काढू नका. टाळू वेळेवर शिवला नाही तर बोलणं कायमचं बिघडतं, दूध-अन्न नाकात येतं, कानात पाणी साचून ऐकू कमी येतं. टाळू शिवायलाच हवा. पण त्याची एक किंमत असते आणि काही मुलांना ती पंधरा वर्षांनी मोजावी लागते. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत आकडे वेगवेगळे येतात, पण ओठापासून टाळूपर्यंत पूर्ण दुभंग असलेल्या मुलांपैकी निदान चौथ्या हिश्श्याला पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागते असं ढोबळपणे धरायला हरकत नाही.

म्हणजेच जबड्याचं ऑपरेशन हा काही नवा आजार नाही. आपणच सुरू केलेल्या उपचाराचा तो शेवटचा हप्ता आहे. पहिला हप्ता समाजाने भरला, सरकारने भरला, संस्थांनी भरला, टाळ्या वाजवून भरला. शेवटचा हप्ता मात्र पोराने स्वतः भरायचा. आम्हाला खासगीत सांगितलेला आकडा होता दोन लाख ऐंशी हजार. दातांच्या तारा वेगळ्या.

फोटो पाच वर्षांचा, उपचार वीस वर्षांचा

२००९ साली 'स्माइल पिंकी' या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या मुलीची गोष्ट. तिचा ओठ शिवला जातो आणि ती हसते. पुढे २०१३ मध्ये विम्बल्डनच्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात नाणेफेक करायला तिला बोलावलं होतं. त्या चित्रपटाने खूप चांगलं काम केलं. हे बरं होतं, फुकट बरं होतं, हे लाखो लोकांना त्यातून कळलं. माझी तक्रार त्या चित्रपटाबद्दल नाही.

तक्रार आपल्या डोक्यातल्या चित्राबद्दल आहे. ओठ शिवला, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, संपलं. प्रत्यक्षात हा उपचार असा चालतो: तीन ते सहा महिन्यांत ओठ, नऊ ते अठरा महिन्यांत टाळू, मग काही वर्षं बोलण्याचा सराव, कानाची तपासणी, आठ ते अकराच्या दरम्यान हिरडीतल्या फटीत कमरेचं हाड भरणं, मग तारा, मग वाढ संपल्यावर जबडा, मग नाक. जन्मापासून विशीपर्यंत. यात एक पायरी चुकली की पुढची अवघड होते.

आमचंच सांगतो. हिरडीत हाड भरायचं ऑपरेशन सुळा यायच्या आधी व्हायला हवं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. ते तेराव्या वर्षी झालं. सुळा वेडावाकडा आला. त्यामुळे तारांचं काम लांबलं. यात कुणा एका डॉक्टरचा दोष नाही. दोष हा की पोराची फाईल एकत्र ठेवणारं कुणीच नव्हतं. ती फाईल होती ताईच्या हातातल्या कापडी पिशवीत.

योजना आहेत, पण

महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, त्यात जन्मदोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू स्पष्ट नावाने आहे. पथकं अंगणवाडीत जातात, शाळेत जातात. भाच्याच्या शाळेत आलेल्या पथकातल्या मॅडमनी स्वतःहून फोन करून पाठपुरावा केला होता, ते आम्ही विसरणार नाही. कार्यक्रम चांगला आहे, माणसंही चांगली आहेत.

पण अठराची रेघ ज्यांनी मारली त्यांच्या डोळ्यांसमोर दुभंगाचा पूर्ण उपचार नव्हता. बाकीच्या बहुतेक जन्मदोषांत अठरापर्यंत काय ते होऊन जातं. इथे शेवटचं मोठं काम सुरूच अठराला होतं.

तुम्ही म्हणाल, मग आयुष्मान भारत आहे, महात्मा फुले योजना आहे, पाच लाखांचं कवच आहे. आहे ना. पण या योजना दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च देण्यासाठी बनलेल्या आहेत. आयुष्मान भारतमध्ये भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि नंतरचे १५ दिवस धरतात. जबड्याच्या ऑपरेशनच्या आधी साधारण वर्ष-दीड वर्ष तारा लावून दात नीट ओळीत आणावे लागतात, नाहीतर जबडा पुढे आणल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणारच नाहीत. ऑपरेशननंतर पुन्हा सहा महिने ते वर्षभर तारा. हे सगळं खुर्चीत बसून होणारं काम, दर महिन्याची एक फेरी. भरती नाही, म्हणून योजना नाही. म्हणजे ऑपरेशनचे पैसे जरी मिळाले तरी ऑपरेशनपर्यंत पोचायचे पैसे कुणी देत नाही. पुलाचा मधला कमानीचा भाग सरकार बांधणार आणि दोन्ही टोकांचा रस्ता आपण बांधायचा, असा प्रकार.

त्यात फेऱ्यांचा हिशोब करा. राज्यातली जुनी सरकारी दंत महाविद्यालयं कुठे आहेत? मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. मुंबईत महापालिकेचं नायर आहे. माळशिरसहून, नंदुरबारहून, सावंतवाडीहून दर महिन्याला एक फेरी, दोन-अडीच वर्षं. एसटीचं तिकीट, एक दिवसाचा बुडालेला रोज, सोबत येणाऱ्याचाही रोज. तारा निम्म्यात काढून टाकणारी मुलं का असतात याचं उत्तर 'शिस्त नाही' हे नाही, एसटी स्टँडवर आहे.

'कॉस्मेटिक' हा एक शब्द

ज्यांच्याकडे खासगी विमा आहे त्यांची गंमत वेगळीच. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीचा क्लेम नाकारला गेला, कारण लिहिलं होतं 'कॉस्मेटिक'. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच. आरोग्य विम्यातली जी प्रमाणित वगळण्याची कलमं आहेत, त्यात रूप बदलणाऱ्या शस्त्रक्रियेला विमा नाही, अपवाद फक्त अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल तर. जन्मदोष या अपवादांत नाही. वर अनेक पॉलिसींत 'बाह्य जन्मजात व्यंग' हे वेगळ्याने वगळलेलं असतं. बाह्य म्हणजे काय, तर शरीराच्या दिसणाऱ्या भागावरचं.

म्हणजे बघा. स्कूटरवरून पडून जबडा तुटला तर तो बसवणं हा उपचार. जन्मापासून जबडा मागे असेल तर तो बसवणं ही हौस. हाड तेच, पट्टी तीच, स्क्रू तेच, सर्जनही तोच.

या भेदाचं मला विशेष वाईट वाटतं, कारण चेहरा पुन्हा उभा करण्याच्या कलेचा इतिहास आपल्या दारातला आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याजवळ एका कुंभार वैद्याने कपाळाची कातडी वळवून पुन्हा बनवलं, आणि ती हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आली. युरोपातल्या सर्जननी ती वाचून ही पद्धत उचलली. त्या वैद्याला कुणी विचारलं नसेल की बाबा रे, हे कॉस्मेटिक आहे का. नाक नसलेल्या माणसाला चारचौघांत उभं राहता येत नाही, एवढं त्याला कळत होतं.

कायद्यातही हीच फट आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ॲसिड हल्ल्याचे बळी त्यात आहेत, आणि ते असायलाच हवेत. दुभंगलेला ओठ-टाळू त्या नावाने नाही. त्यामुळे ही मुलं धड दिव्यांग नाहीत, धड 'बरी' नाहीत. सवलतीच्या रांगेत उभी राहिली तर 'तुला काय झालंय' आणि मुलाखतीच्या रांगेत उभी राहिली तर 'तुला काय झालंय'.

आता दुसरी बाजू

'आधी बाळांच्या ऑपरेशनला पैसे द्या, मग जबड्याचं बघू' असं काही डॉक्टर मित्र म्हणतात. प्रामाणिक मुद्दा आहे. बाळाचा टाळू थांबू शकत नाही, जबडा वर्षभर थांबू शकतो. पण 'आधी' याचा अर्थ 'फक्त' असा होत नाही. हिशोब तरी करून बघू. महाराष्ट्रात वर्षाला ढोबळ १८ लाख जन्म धरले तर सातशेत एक या हिशोबाने अडीच हजार बाळं. त्यातली साधारण निम्मी ओठ आणि टाळू दोन्ही असलेली धरा, त्यातला चौथा हिस्सा जबड्याचा. तीनशेच्या आसपास मुलं-मुली, दर वर्षी, अख्ख्या राज्यात. एकेकाला तारांसकट तीन-साडेतीन लाख धरले तरी दहा कोटींच्या आसपास. हा माझा पाटीवरचा हिशोब आहे, दुप्पट करा हवं तर. तरी वीस कोटी. राज्याच्या तिजोरीत हा आकडा शोधायला भिंग लागेल.

दुसरा मुद्दा जास्त नाजूक आहे. एक वाचक मागे म्हणाल्या होत्या, "मुलांना ऑपरेशन कशाला शिकवता, आहे तसं स्वतःला स्वीकारायला शिकवा." मला हे अर्धं पटतं. चेहरा बदलल्याशिवाय माणूस पूर्ण होत नाही असं कुणी त्या मुलांना सांगू नये. लग्नाच्या बाजारासाठी म्हणून तर मुळीच नाही. पण स्वीकारायचं की बदलायचं हे ज्याचा जबडा आहे त्याने ठरवायचं, आणि ठरवायला आधी पर्याय तर हातात पाहिजे. ज्याच्या खिशात तीन लाख नाहीत त्याने 'स्वीकारलं' असं आपण म्हणतो, तेव्हा त्याला विचारलेलं नसतं. आणि एकोणीस वर्षांच्या पोराला आपल्या चेहऱ्याचं काही वाटत असेल तर तो गुन्हा नाही. आपण सगळेच सकाळी आरशात बघून बाहेर पडतो.

तिसरा मुद्दा मी स्वतःच मांडतो, कारण तो लपवून उपयोग नाही. हे ऑपरेशन जादू नाही. जबडा पुढे आला की टाळूही पुढे येतो आणि टाळू व घशाची मागची भिंत यातलं अंतर वाढतं. त्यामुळे काहींचं बोलणं आधीपेक्षा जास्त नाकातून यायला लागतं आणि त्यासाठी वेगळा उपचार लागतो. काही जणांचा जबडा थोडा मागे सरकतो. गाल आणि वरचा ओठ काही काळ बधिर राहतो, क्वचित कायमचा. काही आठवडे पेज, वरणाचं पाणी, ताक यावरच राहायचं. म्हणून ऑपरेशनआधी बोलण्याची नीट तपासणी करून, सगळं समजावून, मुलाची स्वतःची संमती घेऊन मगच पुढे जायला हवं. आईवडिलांची नव्हे, त्याची स्वतःची. म्हणूनच हे काम एकट्या सर्जनचं नाही. सर्जन, दातांच्या तारा लावणारे, स्पीच थेरपिस्ट आणि मुलाशी बोलणारं एक माणूस एवढे लोक एकत्र बसायला हवेत.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न १९९८ मध्ये एका अधिकृत पाहणीने ऐरणीवर आणला. तेव्हा तिथे ५७ ठिकाणी ही ऑपरेशनं होत होती, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी, आणि निकाल चांगले नव्हते. शिफारस आली की केंद्रं ८ ते १५ ठेवा, पण प्रत्येकात पूर्ण टीम ठेवा आणि मूल मोठं होईपर्यंत त्याच टीमने त्याला सांभाळा. तसं झालंही. आपल्याला ब्रिटनएवढा पैसा नाही हे मान्य. पण कोण मूल कोणत्या पायरीवर आहे याची वही ठेवायला पैसा लागत नाही.

मग मागणी काय?

१. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठराच्या आधी नोंद झालेल्या दुभंगाच्या मुलांसाठी वयाची मर्यादा २५ करा. सगळ्यांसाठी नको, ज्यांचा उपचार आधीच सुरू आहे त्यांच्यासाठी. ही सवलत नाही, सुरू केलेलं काम पूर्ण करणं आहे.

२. तारा, जबडा, बोलण्याची तपासणी आणि थेरपी यांचं एकच पॅकेज करा. भरतीची अट त्यातून काढा. प्रवासभाडं त्यात धरा.

३. विम्याच्या कलमात अपघात, भाजणं, कॅन्सर या तीन शब्दांच्या पुढे चौथा शब्द घाला: जन्मदोष.

४. मुंबई, नागपूर, संभाजीनगर इथे पूर्ण टीम असू दे, पण तारांची महिन्याची फेरी जिल्हा रुग्णालयात होऊ दे. गावापासून शंभर किलोमीटरच्या आत.

५. प्रत्येक मुलाला जन्मापासून एकच कार्ड द्या, ज्यावर पुढची पायरी कोणत्या वर्षी आहे ते मराठीत लिहिलेलं असेल. आमच्या ताईला असं एक कार्ड मिळालं असतं तर सुळ्याची चूक झाली नसती.

यातलं एकही काम अशक्य नाही. विधानसभेत कुणी एक प्रश्न विचारला तरी सुरुवात होईल.

आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना सांगतो, मूल सात-आठ वर्षांचं झालं की हिरडीत हाड भरण्याबद्दल स्वतःहून विचारा, कुणी सांगायची वाट पाहू नका. सगळे एक्स-रे, डिस्चार्ज कार्डं जपून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पंधराव्या-सोळाव्या वर्षीच तारा लावणाऱ्या डॉक्टरांना भेटून अठरानंतरचं वेळापत्रक लिहून घ्या. आणि अठराच्या आत जे जे योजनेत बसतं ते करून घ्या. आम्ही थांबलो, तुम्ही नुसतं थांबू नका.

भाच्याचं काय झालं? एका सरकारी दंत महाविद्यालयात तारा लागल्या आहेत, चार महिने झाले. दर महिन्याला मी किंवा दाजी सोबत जातो. ऑपरेशनची तारीख अजून वर्षभर तरी लांब आहे आणि पैशांचं निम्मंच जमलंय. गेल्या खेपेला परतीच्या एसटीत मला म्हणाला, "मामा, मी अजून नक्की ठरवलं नाहीये हं. बोलणं बिघडणार असेल तर नको. पण तपासून तरी घेऊ."

मी म्हटलं, बरोबर आहे, तूच ठरव.

ठरवायची वेळ त्याच्यावर येण्याआधी पैशाने ठरवू नये, एवढंच माझं मागणं आहे. तुमच्या जिल्ह्यात अठरा ओलांडलेल्या कुणाला या कारणाने परत पाठवलं असेल तर कमेंटमध्ये फक्त जिल्हा लिहा, मुलाचं नाव नको. यादी झाली की ती घेऊन मी आमदारांकडे जाणार आहे. एकटा मामा गेला तर चहा पाजून परत पाठवतील. तीस जिल्ह्यांची यादी नेली तर कदाचित बसायला सांगतील.